‘मोरीत पाय घसरला’

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काही गोड बोलावे आणि गोड ऐकावे, असा आपला रिवाज आहे. म्हणून चिटणीसबाई आमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, “माझा विषय समारंभाला शोभणारा नाही, हो.” त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही बोलाच. मार खाणाऱ्या बायका काय हळदीकुंकवाला येत नाहीत?” माझ्यापाशी याला उत्तर नव्हते. तेव्हा आज मी उभी आहे, आणि तुमचा फराळ थोडा लांबणार आहे, त्याची आधीच क्षमा मागते.

विषय असा की, घरात छळ सोसणारी बाई इस्पितळात, पोलीस ठाण्यात, शाळेत किंवा वकिलाच्या दारात येते, तेव्हा तिच्या जिवाला किती धोका आहे हे समोरच्या माणसाला ओळखता आले पाहिजे. ओळखल्यावर पुढे काय करायचे हेही ठाऊक पाहिजे. मन कनवाळू असले की एवढे आपोआप जमते, अशी आपली समजूत असते. माझीही होती. पण ही विद्या आहे, आणि इतर विद्यांसारखी ती शिकावी लागते. मी ३१ वर्षे परिचारिका होते, त्यांतली बरीच वर्षे अपघात विभागात काढली. शिकण्यापूर्वी मी काय केले, ते आधी सांगते.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. रात्रपाळी होती. पंचविशीची एक बाई आली, डावे मनगट मोडलेले, बरोबर सासू. काय झाले म्हणून विचारले, तर सासूनेच सांगितले, “मोरीत पाय घसरला.” बाईनेही मान हलविली. केसपेपरवर ‘घरात घसरून पडली’ असे लिहिले गेले, प्लास्टर झाले, दोघी गेल्या. दोन-अडीच महिन्यांनी तीच बाई पुन्हा आली. या वेळी नवरा बरोबर होता. तिचा आवाज बसला होता आणि गिळताना दुखत होते. पदर गळ्याभोवती गुंडाळलेला होता आणि मी तो बाजूला करून पाहिला नाही. थंडीचे दिवस, सर्दीखोकल्याच्या रोग्यांची रांग दारापर्यंत गेलेली. मी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयास सांगितल्या. जाताना तिने हळूच विचारले, “सिस्टर, इथे थोडा वेळ बसू का?” मी म्हटले, “खाट रिकामी नाही, बाई. घरी जाऊन विश्रांती घ्या.”

तिसऱ्या वेळी तिला चादरीत गुंडाळून आणले. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे आणणाऱ्यांनी सांगितले. चौथ्या दिवशी ती गेली.

तिच्या घरात नेमके काय घडले, ते मला आजही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना कोणावर ठपका ठेवण्याचा मला अधिकार नाही. परंतु ‘इथे थोडा वेळ बसू का’ या प्रश्नाचा अर्थ मला पंधरा वर्षांनी कळला, आणि तो एका शिक्षणवर्गात कळला.

त्या काळी आम्हांला हाड कसे बसवितात, जखम कशी धुतात, हे उत्तम शिकविले होते. बाईच्या अंगावर निरनिराळ्या रंगांचे वळ दिसले, म्हणजे काही जुने व काही ताजे, तर विचारायचे कसे, हे मात्र कोणी शिकविले नव्हते. तसले काही दिसले की ‘घरगुती भानगड’ म्हणायचे आणि पुढचा रोगी घ्यायचा. पोलिसांचे धोरणही फारसे निराळे नव्हते. दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढायची आणि ‘नीट नांदा’ म्हणून घरी धाडायचे. पोलीस ठाण्यात नवऱ्यासमोर बायकोने सांगितलेले प्रत्येक वाक्य घरी गेल्यावर तिच्याकडून व्याजासह वसूल होते, हे सांगणाऱ्याच्या ध्यानी येत नसे.

मुंबईत या कामाचा पाया दोन ठिकाणी घातला गेला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, म्हणजे समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात जाऊन बसल्या. पुढे २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभारले. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन व्याख्यान झोडण्याऐवजी त्यांनी इस्पितळातल्याच परिचारिकांना व डॉक्टरांना तयार केले आणि त्यांनी आपल्या सोबत्यांना शिकविले. त्याच धर्तीचा वर्ग नंतर आमच्याकडेही झाला. निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती, म्हणून मी नाखुशीनेच गेले. ‘आता मला हे काय शिकविणार’ ही भावना होतीच.

पहिल्या दिवशी नाटक करावयास सांगितले. एक वॉर्डबॉय बाई झाला, एक डॉक्टर नवरा झाले आणि मी सिस्टर. खूप हशा पिकला. शिकविणाऱ्या बाईंनी मग एवढेच विचारले, “नवरा शेजारी उभा असताना सिस्टरने ‘तुला कोणी मारले का’ असे विचारले. आता ही घरी जाईल तेव्हा काय होईल?” हशा थांबला. मागच्या बाकावर आमच्या एक ज्येष्ठ सहकारी बसल्या होत्या. मोठ्या करड्या, शिस्तीच्या. दुपारच्या चहाला त्या मला म्हणाल्या, “मी वीस वर्षे लांब बाह्यांचे ब्लाउज का घालते, ते तू कधी विचारले नाहीस.” मैत्रिणींनो, आम्ही दोघी त्याच वॉर्डात वर्षानुवर्षे डबा एकत्र खाल्ला होता.

तर पहिला धडा असा की, एकटीला विचारायचे. बरोबरच्या माणसाला काहीतरी काम सांगून दूर करायचे. खालून केसपेपरवर शिक्का आणा, औषध आणा, काहीही. आणि प्रश्न असा करायचा की तिला लाज वाटू नये. “अशा जखमा पुष्कळदा कोणी मारल्यामुळे होतात. तुमच्या बाबतीत तसे काही आहे का?” ती नाही म्हणाली तर हट्ट धरायचा नाही. दार उघडे आहे, पुन्हा कधीही या, एवढे सांगायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाहणी सांगते की, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी कधी कोणापाशी शब्दही काढला नाही. त्या आपण होऊन सांगतील अशी वाट पाहणाऱ्याला वाटच पाहावी लागते.

दुसरा धडा धोका मोजण्याचा. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या एका परिचारिकेनेच (माझ्या धंद्यातली बाई म्हणून मला जरा अधिक अभिमान!) १९८५ च्या सुमारास एक प्रश्नावली तयार केली. आधी ती बाईपुढे वर्षाचे कॅलेंडर ठेवते. कोणत्या दिवशी मार बसला आणि तो किती जबर होता, यांच्या खुणा करावयास सांगते. ‘कधीमधी होते हो’ म्हणणारी बाई खुणा करीत जाते आणि शेवटी त्या पानाकडे बघतच राहते. मग प्रश्न येतात. मार पूर्वीपेक्षा वाढला आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली का? हत्यार उगारले का? गरोदरपणी मारले का? घटकेघटकेचा हिशेब मागतो का, पाळत ठेवतो का? कामधंदा सुटला आहे का? मुलांना इजा करीन म्हणतो का? स्वतःच जीव देईन म्हणतो का? आणि, कधी गळा दाबला आहे का?

या शेवटच्या प्रश्नापाशी मी वर्गात थबकले. गळा दाबला तर बाहेरून वळ दिसेलच असे नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापणीच्या आत लाल ठिपके दिसतात, कधी कपड्यात लघवी झालेली असते, मधला थोडा वेळ आठवत नाही. बाई बरी दिसते, पण आतली सूज किंवा रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही जिवावर बेतते. म्हणून तिला तपासल्यावाचून घरी पाठवावयाचे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, जिचा गळा पूर्वी दाबला गेला होता तिचा पुढे खून होण्याचा संभव इतर मार खाणाऱ्या स्त्रियांपेक्षा सातपटीहून अधिक होता. मी मात्र तिला मिठाच्या गुळण्या सांगितल्या होत्या.

याच बाईंनी ११ शहरांतील प्रकरणे घेऊन केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दुसरी एक गोष्ट पुढे आली, ती आपल्यासारख्या सल्ला देणाऱ्या बायकांनी पदराला गाठ मारून ठेवण्याजोगी आहे. सत्ता गाजविणाऱ्या नवऱ्याला सोडून बाई निघते, तेव्हा तिच्या जिवाचा धोका कमी न होता वाढतो. आपण एक तर म्हणतो, ‘सोसत कशाला बसलीस, सोडून दे त्याला,’ नाहीतर म्हणतो, ‘जा बाई, आपल्या घरी नांद.’ दोन्ही उपदेश फुकटचे आहेत. जायचे असेल तर तयारीने आणि गुपचूप जायला हवे. रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती दुसऱ्या कोणाकडे ठेवायच्या, थोडे पैसे निराळे ठेवायचे, कोणत्या वेळी निघायचे आणि कोठे जायचे हे आधी ठरवायचे, आणि निघणार असल्याचे भांडणाच्या भरात तोंडातून जाऊ द्यायचे नाही.

अमेरिकेची यादी आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही, हेही आम्हांला वर्गात सांगितले. तेथे पहिली चौकशी बंदुकीची. आपल्याकडे घरात बंदूक कोठली? आपल्याकडे रॉकेलचा डबा होता. आता तो बहुतेक घरांतून गेला, पण गॅस आहे, कोयता आहे, विहीर आहे, चौथ्या मजल्याची गॅलरी आहे. शिवाय तेथे नवरा-बायको एवढाच संसार धरलेला असतो. आपल्याकडे मारणारा हात नवऱ्याचा असला तरी ‘हिला धडा शिकव’ म्हणणारे तोंड कधी सासूचे असते, कधी दिराचे. हुंड्याची मागणी अजून चालू आहे का, हे विचारावेच लागते. आणि एक गोष्ट आम्हां इस्पितळातल्या लोकांच्या रोज डोळ्यांपुढे असूनही दिसत नसे. ‘चुकून फिनेल प्यायली’, ‘खोकल्याचे औषध समजून ढेकणाचे औषध घेतले’ असे म्हणून आणलेल्या बायका. पोट धुवून त्यांना घरी पाठवीत असू. चुकून फिनेल पिण्याइतकी का त्याची चव गोड असते? या बाईला दुसऱ्याकडून जेवढा धोका, तेवढाच स्वतःकडूनही असतो. तिच्याशी निवांत बोलल्याखेरीज तिला सोडू नये.

आता कायद्याविषयी थोडे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिव्याशाप व अपमान आणि पैशाअडक्याची कोंडी यांनाही हिंसाच म्हटले आहे. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते. या कायद्याच्या नियमांत सुरक्षा योजनेचा एक नमुना आहे. घडले काय, आता बाईला भीती कशाची वाटते आणि त्यावर उपाय कोणता, असे रकाने त्यात आहेत. म्हणजे धोका मोजण्याची सोय आपल्या कायद्याने करून ठेविली आहे. पण रकाना भरणारा माणूस शिकलेला नसेल, तर त्यात ‘पतीपासून भीती’ एवढे दोन शब्द पडतात आणि कागद फायलीत जातो. केसपेपरचेही तसेच. ‘घरगुती वादातून मारहाण’ असे लिहिलेले कोर्टात कोणाच्या उपयोगी पडत नाही. कोणी, कशाने, केव्हा आणि कोठे मारले, ते बाईच्या शब्दांत लिहावे. आमच्या डॉक्टरमंडळींना हे पटविताना फार त्रास पडला, कारण लिहिले की कधीतरी साक्षीला जावे लागते!

सगळे आपापल्या जागी शिकले तरी भागत नाही. याचे उदाहरण परदेशातले सांगते, कारण तेथे त्याची जाहीर चौकशी झाली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात फेब्रुवारी २०१४ मध्ये क्रिकेटच्या मैदानावर एका बापाने आपल्या ११ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. बापाविरुद्ध न्यायालयाचा आदेश होता, पोलिसांकडे वॉरंटेही होती. प्रत्येक खात्यापाशी एकेक तुकडा होता, पण ते जुळवून पाहणारे कोणी नव्हते. मुलाची आई रोझी बॅटी गप्प बसली नाही. २०१५ साली तेथील सरकारने मोठा चौकशी आयोग नेमला आणि त्याने २०१६ मध्ये २२७ शिफारशी केल्या. त्यांतून २०१८ साली एक सर्वांना समान असा आराखडा आला. पोलीस, इस्पितळ, शाळा, दारू सोडविणारी केंद्रे, या सर्वांनी धोका एकाच रीतीने ओळखावा आणि आवश्यक ती माहिती एकमेकांस द्यावी, असे ठरले. त्यात कामाची वाटणी आहे ती मला पटते. शाळेतल्या बाईंनी फक्त ओळखावे आणि योग्य जागी पोहोचवावे, सखोल तपासणी त्या कामात मुरलेल्या व्यक्तीने करावी. सर्वांनी सर्व करू नये. आणि प्रश्नावलीतल्या उत्तरांबरोबर बाईला स्वतःला काय वाटते याला वजन द्यावे. ‘या वेळी तो मला सोडणार नाही’ असे ती म्हणत असेल, तर यादीतले आकडे कितीही कमी असोत, तिचे खरे धरावे. उलट ती ‘तो तसा नाही हो’ म्हणत असेल तर मात्र नुसते त्यावर विसंबू नये. जीवघेण्या हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो एवढ्या थराला जाईल असे वाटलेच नव्हते, असे तिकडच्या अभ्यासात दिसले आहे.

शिक्षणाचे गोडवे मी गात आहे खरी, पण त्यातले पोकळ भागही पाहिले आहेत. अर्ध्या दिवसाचा वर्ग, शेवटी समोसा आणि प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवसापासून सारे मागील पानावरून पुढे चालू. शिकलेल्या परिचारिकेची बदली होते आणि तिच्या जागी नवी येते, तिला काही ठाऊक नसते. एका तरुण डॉक्टरांना मी यादीतले प्रश्न धडाधड वाचताना ऐकले आहे, जणू टपाल खात्याचा फॉर्म भरीत होते. त्या बाईने सगळ्यांना ‘नाही’ म्हटले. मी असते तर मीही म्हटले असते.

वर्गानंतर वर्षभराने एक बाई आली. आवाज घोगरा, थंडीचेच दिवस. मी तिच्या नवऱ्याला एक्स-रेच्या कागदावर सही आणावयास दुसऱ्या इमारतीत पाठविले (सहीची काही गरज नव्हती), पडदा ओढला आणि पदर बाजूला केला. मग विचारले. तिने उत्तर दिले नाही, नुसता माझा हात धरला. घशाच्या डॉक्टरांना बोलाविले, केसपेपर नीट लिहविला, समाजसेविकेला निरोप धाडला. खाट त्याही दिवशी रिकामी नव्हती. दोन खाटांच्या मध्ये गादी टाकली आणि तिला रात्रभर ठेवून घेतले. पुढे तिने काय ठरविले ते मी सांगणार नाही, ती तिची गोष्ट आहे. चार महिने लागले आणि मधे ती दोनदा परत गेली, एवढेच सांगते, कारण अशा वेळी ‘आम्ही एवढे केले आणि ही पुन्हा गेली’ म्हणून रागावणारे लोक आमच्यातही होते. पहिल्या वेळी मीही रागावले होते.

मघाशी एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे. ‘आम्ही परिचारिका नाही, पोलीस नाही, भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा आम्ही काय करायचे?’ प्रश्न रास्त आहे. आवाज चालू असताना दाराची बेल वाजवा आणि वाटीभर साखर मागा. साखर नको असली तरी मागा, आणि एकट्या जाऊ नका. जिवाचे भय वाटले तर ११२ वर फोन करून पोलिसांना बोलवा. दुसऱ्या दिवशी, नवरा कामावर गेल्यावर, तिला सांगा की मला ऐकू येते, मला खोटे वाटत नाही, आणि तुला हवे तेव्हा माझे दार वाजव. स्त्रियांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तो तिला तोंडपाठ करावयास सांगा, कागदावर लिहून देऊ नका. तिच्या नवऱ्याला गाठून उपदेश करू नका. ‘शेजारच्या काकूंनी सांगितले’ याची किंमत तिला मोजावी लागते. तिच्या कागदांची पिशवी तुमच्या कपाटात राहू शकेल का, याचा मात्र विचार करा.

आपल्या मंडळात चार शिक्षिका आहेत, दोघी आशा कार्यकर्त्या आहेत, एक वकीलबाई आहेत. त्यांच्यासाठी मी स्वतः वर्ग घेण्यास तयार आहे. अर्ध्या दिवसाचा नव्हे, दर पंधरवड्यास एक असे सहा, आणि नाटकासकट. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. दुपार सोयीची की संध्याकाळ, तेही सांगावे, मी दोन्ही वेळी मोकळी आहे.